मारिओ लुकलुकला होता

ताईला फोन आला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो, त्यामुळे पलीकडचा शब्द न शब्द मला ऐकू आला. "मॅडम, तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मारिओला मार लागल्यावर तो लुकलुकतच नाही. एके ठिकाणी तर चक्क गायब होतो. खऱ्या गेममध्ये असं होत नाही. चित्रणात काहीतरी केलेलं दिसतंय, एंट्री बाद करावी लागतेय." ताई "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ते "बरं" मला अजून पचलेलं नाही.

स्पर्धा जुन्या व्हिडिओ गेमच्या हौशी मंडळींची. अट अशी की इम्युलेटर, म्हणजे यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, चालणार नाही, खरं यंत्र हवं. सुपर मारिओ ब्रदर्सची आठही वर्ल्ड, म्हणजे ३२ लेव्हल, वार्पच्या चोरवाटा न घेता एका बैठकीत काढायच्या आणि सगळ्याचं सलग चित्रण पाठवायचं. यंत्र आमच्याकडे होतंच. नव्वदच्या दशकात मिरजेत घेतलेलं 'मीडिया', पिवळ्या कॅसेटी आणि वायर ताठ झालेल्या दोन रिमोटांसकट माळ्यावर जपून ठेवलेलं. ताई तेव्हाही गल्लीत सगळ्यांच्या पुढे होती. अडले की मुलगे रिमोट तिच्या हातात द्यायचे, "एवढी लेव्हल काढून दे गं" म्हणून, आणि लेव्हल निघाली की परत घ्यायचे. चाळिशी उलटल्यावर, बँकेतली नोकरी आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून, तिने ते सगळं पुन्हा हाताला वळवून घेतलं. खेळली खरी, आणि खोटी ठरली. चित्रणाचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मला हे लिहायलाच हवं.

लुकलुकणं म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सगळा अन्याय त्यातच आहे. मोठा मारिओ शत्रूला धडकला की लहान होतो आणि थोडा वेळ लुकलुकतो. तेवढ्यात त्याला दुसरा मार लागत नाही. हे लुकलुकणं गेम फार साध्या रीतीने करतो. प्रत्येक फ्रेमला एकाने वाढणारा एक आकडा गेमकडे असतो. मार लागल्यानंतर तो आकडा विषम असेल त्या फ्रेमला मारिओ काढायचाच नाही, सम असेल त्या फ्रेमला काढायचा. एका फ्रेममध्ये आहे, पुढच्यात नाही, त्याच्या पुढच्यात पुन्हा आहे. जपान-अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीच्या टीव्हीवर सेकंदाला अशा ६० फ्रेम जातात, आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर ५०.

आता या ५० फ्रेममधली प्रत्येक दुसरी कुणी फेकून दिली, तर काय उरेल? एक तर सगळ्या सम उरतील आणि मारिओ न लुकलुकता धडधाकट चालत राहील. नाही तर सगळ्या विषम उरतील आणि मार लागल्यापासून लुकलुकणं संपेपर्यंत मारिओ पडद्यावर असणारच नाही. मधे एखादी फ्रेम हुकली, किंवा गेम पॉज केला आणि तो मोजणारा आकडा थांबला, की सम-विषमाची जोडी उलटू शकते. म्हणजे एकाच चित्रणात एकदा तो लुकलुकत नाही आणि एकदा गायब होतो. आयोजकांनी छेडछाडीचा पुरावा म्हणून सांगितलेल्या दोन्ही गोष्टी या एकाच कारणातून निघतात. खोटं करणारा माणूस इतकं नेमकं खोटं करूच शकत नाही! मी फाइल उघडून एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलो. सेकंदाला २५ फ्रेम. बरोबर निम्म्या गेलेल्या.

त्या फेकल्या कुणी? टीव्हीची पिवळी पिन लावायची एक स्वस्त यूएसबी पट्टी मिळते तिने, आणि तिच्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरने. पाल टीव्हीचं नेहमीचं चित्र ५७६ ओळींचं असतं आणि ते दोन हप्त्यांत येतं: आधी एका आड एक अशा २८८ ओळी, मग उरलेल्या २८८. या प्रत्येक हप्त्याला फील्ड म्हणतात. सेकंदाला ५० फील्ड, दोन मिळून एक फ्रेम, म्हणून २५ फ्रेम. कॅप्चरची पट्टी हेच गृहीत धरून बनवलेली असते. पण गेमचं यंत्र तसं वागत नाही. ते प्रत्येक फील्ड त्याच त्या ओळींवर पाठवतं. त्याच्या लेखी सेकंदाच्या दर पन्नासाव्या हिश्शाला एक नवं, पूर्ण चित्र असतं. जुन्या जड टीव्हीला याने काही फरक पडत नव्हता. तो आलेली ओळ निमूट काढायचा. आमच्या पट्टीने मात्र ठरवलं की हे दोन अर्धे तुकडे आहेत, त्यातला एक ठेवला, दुसरा टाकला आणि ठेवलेला ताणून दुप्पट उंच केला. काही पट्ट्या टाकत नाहीत, दोन्ही फील्ड एकात एक विणतात. मग पळत्या मारिओच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उठतात. काही दोन्हींची सरासरी काढतात, मग लुकलुकणारा मारिओ अर्धा पारदर्शक होऊन फिरतो. तसं झालं असतं तर आयोजक काय म्हणाले असते कुणास ठाऊक.

मी त्यांना हे सगळं लिहून पाठवलं. आकृती काढून. उत्तर आलं ते एवढंच: "चित्रणाची क्वालिटीही खराब आहे, परीक्षकांना नीट दिसत नाही." हा दुसरा मुद्दा झाला, पहिल्याचं उत्तर नाहीच. आणि ताईचा तो खेळ आता कशानेही सिद्ध होणार नाही. टाकलेलं फील्ड परत येत नाही. फाइल कितीही मोठी करा, कितीही धारदार करा, मधल्या फ्रेम लिहिल्याच गेल्या नव्हत्या. वरून फ्रेम वाढवून देणारी सॉफ्टवेअर आहेत, पण ती मधलं चित्र अंदाजाने बनवतात. तसं काही पाठवलं असतं तर ती मात्र खरी छेडछाड झाली असती.

क्वालिटीचा टोमणा मला लागला आणि पुढचा बराच काळ मी त्यातच घालवला. जे हाती लागलं ते सांगून टाकतो, कुणाचा तरी खेळ वाचेल.

पट्टीसोबत आलेलं सॉफ्टवेअर वापरू नका. व्हर्च्युअलडबसारखं साधन घ्या, ७२० बाय ५७६ असं पूर्ण चित्र घ्या, आणि कॅप्चर करताना डीइंटरलेस (दोन फील्डांचं एक चित्र करणं) नावाचं जे काही दिसेल ते बंद करा. साठवताना एमपेगमध्ये दाबू नका. हफवाययूव्ही किंवा लॅगरिथसारखा लॉसलेस कोडेक लावा. अजिबात न दाबता ठेवलं तर तासाला सुमारे ७४ जीबी होतात, लॉसलेसमध्ये त्याहून बरेच कमी. ४० केबीच्या गेमसाठी एवढी जागा कशाला, असं घरात विचारलं जाईल. द्या जागा. नंतर काय वाट्टेल ते करता येतं, पण आत आलंच नाही त्याचं काही करता येत नाही.

मग अ‍ॅव्हिसिंथ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फील्ड सुटी करायची. इथे एक खाच आहे. बहुतेक जण 'बॉब' नावाची सोय वापरायला सांगतात. ती फील्ड सुटी करते खरी, पण दुसरं फील्ड अर्धी ओळ खाली आहे असं धरून ते सावरायला जाते. आपल्या गेमची फील्ड तर एकाच जागी आहेत. त्यामुळे सावरलेलं चित्र सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली थरथरतं. म्हणून नुसती वेगळी करायची, सावरायची नाहीत. २८८ ओळींची, सेकंदाला ५० अशी चित्रं हातात येतात, आणि नव्या रेकॉर्डिंगमधून पहिल्यांदा ती आली तेव्हा मारिओ लुकलुकला. मी ताईला हाक मारली, मग तोच तुकडा तिला पुन्हा पुन्हा लावून दाखवत बसलो.

यानंतर चित्र मोठं करणं. २८८ ओळींमधलं गेमचं चित्र २४० ओळींचं, बाकी वर-खाली काळ्या पट्ट्या; त्या कापायच्या. उंची पूर्ण पटीतच वाढवायची आणि तीही शेजारच्या ओळीत न मिसळता, जशीच्या तशी ओळ पुन्हा काढून. चारपट केली तर ९६०, सहापट केली तर १४४०. साडेचारपट करून १०८० गाठायचा मोह होतो, पण मग काही ओळी जाड आणि काही बारीक होतात, आणि मारिओ धावताना विटांची भिंत आकसते-फुगते असं वाटतं. रुंदीचं गणित वेगळं. गेमचे पिक्सेल २५६. कॅप्चरच्या ७२० मधले सुमारे ६५० त्यांनी व्यापलेले असतात, म्हणजे एका पिक्सेलला अडीचहून थोडे जास्त. तिथे पूर्ण पट जमतच नाही, म्हणून रुंदी लँक्झोससारख्या, शेजारचे पिक्सेल मिसळणाऱ्या पद्धतीने वाढवायची. पाल टीव्हीवर गेमचा पिक्सेल चौकोनी नसतो, उंचीपेक्षा जवळजवळ १.३९ पट रुंद असतो. १४४० उंचीला रुंदी २१३०च्या आसपास येते. हे पाळलं नाही तर मारिओ काटकुळा दिसतो.

५० चे ६० करू नका. आपल्याकडच्या यंत्रावर हा गेम मुळातच सहापैकी पाच हिश्शांच्या वेगाने धावायचा. मिरजेत ऐकलेली मारिओची चाल जपानमधल्यापेक्षा संथ होती, आणि आमच्यासाठी तीच खरी आहे.

आणि चढवताना लहान आकारात चढवू नका. यूट्यूबवर २०१४ पासून सेकंदाला ६० फ्रेमचे व्हिडिओ चालतात, पण ७२० च्या खालच्या उंचीला फ्रेम निम्म्या होतात. म्हणजे सगळं नीट करून शेवटी २४० मध्ये चढवलं, की मारिओ परत गायब. इम्युलेटरवरून रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी मोठं करण्याचं आणखी एक कारण आहे: बहुतेक व्हिडिओत चार पिक्सेल मिळून रंगाचा एकच नमुना साठवला जातो, त्यामुळे मूळ आकारात मारिओचा लाल रंग निळ्या आकाशात पसरतो. आधी न मिसळता दुप्पट केलं तर प्रत्येक मूळ पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो.

एवढं करून मला वाटलं होतं, चित्र जितकं धारदार तितकं सच्चं. पिवळी पिन हाच शत्रू, असं माझं पक्कं मत झालं होतं. तिच्यात रंग आणि उजेड एकाच तारेतून येतात आणि एकमेकांत घुसतात. मग एका मित्राच्या मेगा ड्राइव्ह या गेम यंत्रावरचा १९९१ चा सॉनिक आरजीबी केबलने पाहिला. धबधब्याच्या जागी उभ्या रेघा. पिवळ्या पिनेने तोच धबधबा एकसंध, आरपार दिसणारा होतो, कारण रेघा तारेतच एकमेकांत विरघळतात, आणि बनवणाऱ्यांनी चित्र त्या विरघळण्यावर बेतलेलं होतं. ताईला मी मारिओचे दोन नमुने दाखवले, एक काचेसारखा साफ केलेला आणि एक जरा मऊ. "हा मऊ ठेव," ती म्हणाली, "तो दुसरा कुठल्यातरी पुस्तकातला वाटतो." आता मीही मऊच ठेवतो. क्वालिटी खराब म्हणणाऱ्यांना तो कदाचित खराबच दिसेल, आणि त्यावर माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही.

आयोजकांचा रागही मला सरसकट धरता येत नाही. जोडकाम करून विक्रम सांगणारे लोक असतात. संशय घेणं हे परीक्षकाचं कामच आहे. मी त्यांच्या जागी असतो तर गायब झालेला मारिओ पाहून मीही थांबलो असतो. पण थांबून विचारलं असतं. "कशाने रेकॉर्ड केलं?" एवढा एक प्रश्न. खरं यंत्रच हवं असा आग्रह धरायचा आणि खऱ्या यंत्राचं चित्र कॅप्चरमध्ये कसं बिघडतं हे माहीत करून घ्यायचं नाही, याने बाद होतात ते खरं यंत्र वापरणारेच. इम्युलेटरवर खेळून खोटं सांगणाऱ्याचा मारिओ व्यवस्थित लुकलुकला असता. नियमांत एक ओळ घाला असं मी त्यांना कळवलंय: पाल यंत्र असेल तर सेकंदाला ५० फ्रेम, एनटीएससी असेल तर ६०, डीइंटरलेस न केलेली मूळ फाइल मागितल्यास द्यावी. अजून उत्तर नाही.

ताईने मारिओ दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा काढला, पण पाठवायला ती तयार नाही. सध्या तिचा कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेमचा सराव चालू आहे. तिथे काम जास्त अवघड आहे, कारण हे यंत्र एका ओळीवर आठपेक्षा जास्त स्प्राइट, म्हणजे हलती छोटी चित्रं, काढू शकत नाही. त्याहून जास्त झाले की आळीपाळीने काढले जातात, गर्दीत गोळ्याही लुकलुकतात, आणि निम्म्या फ्रेम गेल्या तर तिला चुकवावी लागलेली गोळी चित्रणात येणारच नाही. म्हणून आता ती खेळायला बसायच्या आधी मी एक मिनिट रेकॉर्ड करतो, मुद्दाम गर्दीच्या जागी जाऊन, आणि फ्रेम एकेक करून पाहतो. दोन हार्ड डिस्क रिकाम्या करून ठेवल्या आहेत.