शून्य देणार कोण?

आमचा व्यवसाय संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचा. परंतु अलीकडे आमचा निम्मा दिवस स्वतः लिहिण्यांत न जातां इतरांनीं लिहिलेलें वाचण्यांत जातो. वय वाढलें कीं हें काम आपोआप गळ्यांत पडतें. चालू प्रोग्रॅममध्यें कोणीं फेरफार केला तर तो थेट वापरांत जात नाहीं. दुसऱ्या कोणीं तरी तो ओळीनें वाचावयाचा, शंका विचारावयाच्या, आणि समाधान झाल्यावरच मान्य करावयाचा. ह्यास आमच्या धंद्यांत रिव्ह्यू म्हणतात. घरच्या मंडळींस हें मास्तरांनीं वह्या तपासण्यासारखें वाटतें, आणि तें अगदींच खोटें नव्हे. मात्र वहींतील चूक वहींतच राहते. आमच्या नजरेंतून सुटलेली चूक त्याच रात्रीं कामास लागते.

गेल्या महिन्यांत असा एक फेरफार आमच्यापुढें आला. तो अवघा चौदा ओळींचा होता. आमच्याकडे एक जुना प्रोग्रॅम आहे. महत्त्वाच्या माहितीच्या ज्या प्रती, म्हणजे बॅकअप, रोज काढून ठेवतात, त्यांतील जुन्या पुसून तो जागा मोकळी करतो. शेवटच्या ७ प्रती राखावयाच्या व बाकीच्या पुसावयाच्या, हा त्याचा आजवरचा नेम. आमच्या एका तरुण सहकारिणीनें त्यास ‘कीप’ नांवाचा ऑप्शन जोडला होता.

ऑप्शन म्हणजे काय, हें वाचकांस थोडक्यांत सांगितलें पाहिजे. संगणकास आज्ञा टंकून द्यावयाची, आणि तिच्यापुढें दोन आडव्या रेघा काढून एखादा शब्द जोडावयाचा. आज्ञा तीच राहते, तिची तऱ्हा बदलते. ‘भात लावा’ ही आज्ञा. ‘आजोबांचा मऊ’ हा ऑप्शन. नव्या योजनेप्रमाणें ‘कीप’पुढें ३० लिहिलें तर ३० प्रती राहावयाच्या, ऑप्शन दिलाच नाहीं तर पूर्वीप्रमाणें ७.

आमचा पहिला प्रश्न नेहमींचाच होता: ह्याची गरज आहे काय? हा प्रश्न तरुणांस खडूसपणाचा वाटतो. परंतु ऑप्शन घालणें जितकें सोपें तितकेंच तो काढणें कठीण. गिट ह्या प्रोग्रॅमचें उदाहरण घ्या. असंख्य प्रोग्रॅमकार आपलें काम त्यांत जपून ठेवतात. ‘पुश’ ह्या आज्ञेनें आपलें काम सामाईक जागीं पाठवितां येतें, आणि तिला ‘फोर्स’ हा ऑप्शन जोडला तर तेथें दुसऱ्याचें काम असलें तरी तें बाजूस सारून आपलें बसवितां येतें. दुसऱ्याचें काम अनवधानानें बुडूं नये म्हणून २०१३ सालीं ‘फोर्स-विथ-लीज’ आला: आपण शेवटीं पाहिलें तेंच अद्याप तेथें असेल तरच पुढें जा. पण कांहीं साधनें मालकाच्या नकळत पाठीमागें ताजी स्थिति आणून ठेवतात, आणि मग न पाहिलेलें पाहिल्यांत जमा होतें. त्यावर उपाय म्हणून २०२० च्या डिसेंबरांत ‘फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ हा आणखी एक भाऊ जन्मास आला. मूळचा ‘फोर्स’ मात्र आजहि घरांत आहेच. त्याच्यावर विसंबून लिहिलेल्या आज्ञा किती ठिकाणीं पडल्या असतील ह्याची गणती नाहीं. त्यास घालवावा कसा?

सहकारिणीचें उत्तर समर्पक होतें. हिशेबाच्या यंत्रावर ३० प्रती लागतात. एका लहान यंत्रावर ७ मावत नाहींत. म्हणून लोकांनीं प्रोग्रॅमचीच नक्कल करून आंतला आंकडा बदलला आहे, आणि अशा तीन नकला तिनें शोधून काढल्या होत्या. गरज सिद्ध झाली.

मग आम्ही चौदा ओळींकडे वळलों. ‘कीप’पुढील अक्षरांचा आंकडा करण्यासाठीं तिनें सी भाषेंतील ‘ए-टु-आय’ हें जुनें फंक्शन वापरलें होतें. हें फंक्शन मोठें भिडस्त आहे. तें तक्रार करीत नाहीं. ३० लिहितांना शून्याऐवजीं इंग्रजी ‘ओ’ पडला तर तें ३ समजतें. कांहींच अक्षर दिलें नाहीं तर तें शून्य समजतें. आणि ‘शून्य प्रती राखा’ ह्याचा अर्थ सर्व पुसा.

“पण सर, शून्य देणार कोण?” तिनें विचारलें.

माणूस देणार नाहीं, हें खरें. परंतु असल्या आज्ञा माणूस रोज टंकीत नाहीं. त्या एका स्क्रिप्टमध्यें लिहून ठेवलेल्या असतात, आणि आंकड्याच्या जागीं एक नांव असतें. त्या नांवांत एक अक्षर चुकलें कीं शेल कुरकुर न करतां तेथें रिकामी जागा ठेवतो. रिकाम्या जागेचें शून्य होतें, सर्व प्रती जातात, आणि प्रोग्रॅम ‘काम यशस्वी’ म्हणून कळवितो. ही कल्पनेची भीति नव्हे. २०१५ च्या जानेवारींत स्टीम ह्या खेळांच्या प्रोग्रॅमच्या लिनक्सवरील स्क्रिप्टमध्यें असेंच एक नांव रिकामें राहूं शकतें असें उघडकीस आलें. एक फोल्डर पुसावयाचा तो राहिला बाजूस, आणि वापरणाराच्या स्वतःच्या फायली गेल्या. बॅकअपची गोष्ट तर ह्याहून वाईट. ते गेल्याचें कळतें तें ज्या दिवशीं त्यांची गरज पडते त्या दिवशीं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीं फेरफार परत आला तेव्हां चौदा ओळींच्या एकसष्ट झाल्या होत्या, व त्यांतील बहुतेक चांचण्यांच्या होत्या: रिकामी जागा, अक्षरें, ऋण संख्या, शून्य. प्रत्येक वेळीं प्रोग्रॅमनें कांहीं न पुसतां थांबावें, कारण सांगावें आणि अपयशाचा आंकडा परत करावा. ज्यांस खरोखर सर्व पुसावयाचें आहे त्यांच्यासाठीं ‘अलाउ-झीरो’ असा दुसरा ऑप्शन ठेवावा, असें तिचें म्हणणें होतें. तें आम्हीं मानलें नाहीं. सर्व पुसण्यास निराळी आज्ञा आहे. ज्याला पुसावयाचें त्यानें ती द्यावी. ह्यावर दोन दिवस वाद झाला, आणि तिचें पूर्ण समाधान झालें आहे असें आम्हांस अजून वाटत नाहीं.

फेरफार मान्य झाला. पुढच्याच सोमवारीं दुसऱ्या एका विभागाची मागणी आली: ‘कीप’ हा शब्द लांब पडतो, नुसतें ‘के’ अक्षर चालेल काय? एकाक्षरी नांवें मोजकीं असतात. हें पत्र आम्हीं अद्याप टेबलावर तसेंच ठेविलें आहे.