मागचा एक्सल

हा मजकूर आम्ही दोघा भावांनी मिळून लिहिला आहे. कोणते वाक्य थोरल्याचे आणि कोणते धाकट्याचे, हे आता आम्हालाही सांगता यायचे नाही. म्हणून सगळीकडे ‘आम्ही’च लिहितो.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात. हापूसची बाग गावापासून वर, सड्यावर. रस्ता म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ, त्यावर सुटी खडी आणि मध्ये दोन उभे चढ. भरलेले क्रेट घेऊन तिथून गाडी आणायची तर चारही चाकांना जोर लागतो. म्हणून मरहूम अब्बांनी कुवेतची ड्रायव्हरकी सोडून परत आल्यावर महिंद्राची एक जुनी फोर-व्हील पिकअप घेतली. घराच्या ओटीपेक्षा त्या गाडीवर त्यांचा जीव जास्त होता. अब्बा गेले तेव्हा बाग, घर आणि ही गाडी एवढेच मागे राहिले. वाटणीची भाषा चाळिसाव्याच्या आधीच सुरू झाली, हे लिहायला लाज वाटते. पण तसे झाले खरे.

हंगाम संपल्यावर गाडी रिकामी उभी राहते, म्हणून धाकट्याने चिरे वाहायला सुरुवात केली. एक खेप वाचवायची म्हणून दोन खेपांचे चिरे एकदम भरायचा. एक दिवस मागच्या एक्सलची नळी मधल्या गोळ्याच्या जोडाजवळ तडकली. तेल गळू लागले, मागचे एक चाक वाकडे दिसू लागले. थोरला म्हणाला, “अब्बांनी कधी असा बोजा भरला होता का?” धाकटा म्हणाला, “अब्बांच्या वेळी हप्ते नव्हते.” त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोलणे सोडले. जे काही सांगायचे ते अम्मीच्या मार्फत.

तडकलेली नळी वेल्डिंग करून चालवणे धोक्याचे होते. दुसरा एक्सल घालायला हवा होता. थोरल्याने एका ठिकाणी मोडीत काढलेल्या जुन्या जीपचा अख्खा मागचा एक्सल स्वस्तात मिळवला. पाट्यांवर तो बरोबर बसला, ड्रमही जुळले. गाडी रस्त्यावर छान चालली. फक्त इंजिन थोडे जास्त ओरडते आणि काटा खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवतो, असे वाटे. पण गाडी सुरू झाली ना, मग बारकाव्यात कोण जातो? आणि आता ती विकून पैसे निम्मे-निम्मे करायचे, एवढे एकच आमचे एकमताने ठरले होते.

विकण्याआधी बागेतल्या शेवटच्या काही खेपा करायच्या होत्या. पहिल्याच चढाला थोरल्याने फोर-व्हीलचा दांडा टाकला आणि गाडी अडखळू लागली. स्टेअरिंग जड झाले, टायर कातळावर घासून ओरडू लागले, झटके बसू लागले. दांडा परत काढावा तर निघेना. चार हात मागे घेतल्यावर कसाबसा सुटला.

अब्बांच्या वेळचे म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, खाली घोड्या लावल्या, टायरवर आणि जॉइंटच्या शाफ्टवर खडूने खुणा केल्या. म्हणाले, “पोरांनो, एकेक चाक धरा. दोघांनी एकदमच फिरवायचं. पुढंमागं झालात तर हिशेब चुकेल.” त्या दिवशी किती तरी महिन्यांनी आम्ही एक काम एकत्र केले. चाकांचा एक फेरा पुरा झाला तेव्हा मागच्या शाफ्टचे पाच पुरे होऊन वर आणखी एक तृतीयांश फेरा झाला होता. मग पुढच्या एक्सलला तसेच केले. तिथे शाफ्टचे पाचही फेरे पुरते झाले नाहीत.

मिस्त्रींनी समजावले. एक्सलच्या गोळ्यात एक मोठे दातेरी चाक असते, क्राऊन. आणि एक लहान, पिनियन. आमच्या गाडीला क्राऊनचे 39 दात आणि पिनियनचे 8, म्हणजे शाफ्टचे 4.88 फेरे झाले की चाकाचा एक. जुन्या जीपच्या एक्सलला 43 आणि 8, म्हणजे 5.38. नुसती मागची चाके ओढतात तोवर हा फरक कुणाला कळत नाही. पण फोर-व्हील टाकले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. दोघांना सारखेच फेरे मिळतात. पण त्यात पुढच्या चाकांना दहा फेरे फिरायचे असतात आणि मागच्यांना जेमतेम नऊ. मातीत चाक घसरून हा फरक थोडाफार निघून जातो. कातळावर तो जायला जागा नाही. मग टायर घासतात, गिअरबॉक्स तापतो, आणि तसेच रेटले तर आत काहीतरी तुटते.

ते बोलत होते गाडीबद्दल. पण आम्ही दोघांनीही माना खाली घातल्या होत्या.

पुढच्याच रविवारी गिऱ्हाईक आले. संगमेश्वरकडचे एक वयस्क बागायतदार. आम्ही त्यांना मामा म्हटले. सोबत त्यांचा मुलगा, विशीतला. त्यांनी गाडी डांबरी रस्त्यावर चालवून पाहिली, इंजिन ऐकले, खुश झाले. किंमत ठरली पावणेदोन लाख. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून बघायचे नसते, हे त्यांनाही माहीत होते, त्यामुळे त्यांनी टाकले नाही. ओटीवर बसून चहा घेताना सहज म्हणाले, “आमची बाग फार उंचावर आहे हो. चढ बघितलात तर घाबराल. हा पोरगाच चालवणार गाडी. फोर-व्हील आहे म्हणून जिवाला घोर नाही.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्यांनी विचारले नव्हते. आम्ही खोटे बोललो नव्हतो. एका गप्प राहण्यावर पावणेदोन लाख मिळत होते, आणि वाटणीचा हा विषय कायमचा संपत होता. पण विकायच्या मालातला ऐब सांगून माल विकावा, हे लहानपणी मकतबात शिकलो होतो. ते शिकताना फार सोपे वाटले होते.

थोरला म्हणाला, “मामा, मागचा एक्सल या गाडीचा नाही. दुसऱ्या जीपचा आहे, दातांचं प्रमाण जुळत नाही. फोर-व्हील टाकलं तर चढावर गाडी अडकेल. न तपासता मीच आणला.”

त्यावर धाकटा म्हणाला, “आणि मूळचा एक्सल माझ्यामुळे तुटला. चिरे जास्त भरले होते.”

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग कप खाली ठेवला, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठले. जाताना म्हणाले, “नीट करा, मग सांगा. सांगितलंत ते बरं केलंत.” सौदा मोडला होता. दाराआड उभ्या असलेल्या अम्मीने काही म्हटले नाही. फक्त त्या संध्याकाळी आम्हा दोघांना एकाच ताटात वाढले.

त्या वर्षी रमजान आंब्याच्या हंगामातच आला होता. तरीही एक दिवस काढून आम्ही आंबा घाटाने कोल्हापूरला गेलो. या वेळी पैसे देण्याआधी एक्सल दोन ठोकळ्यांवर ठेवला, दोन्ही ड्रम दोघांनी एकदम फिरवले, पिनियनचे फेरे मोजले. पाचला थोडे कमी. पाट्यांच्या बैठकांमधले अंतर आणि ड्रमपासून ड्रमपर्यंतची लांबी टेपने मापली. 18,000 रुपये दिले. पहिला स्वस्त पडलेला एक्सल असा महाग पडला.

काम तरावीहनंतर रात्री चाले. शाफ्टचे बोल्ट, ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल, शॉक-ॲब्सॉर्बर, यू-बोल्ट, असे एकेक सोडवत चुकीचा एक्सल बाहेर ओढला. नवा आत सरकवून पाट्याच्या सेंटर बोल्टचे डोके बैठकीच्या भोकात बसवले. यू-बोल्ट नवीन घातले आणि ते चाकांवर वजन आल्यावर उलटसुलट क्रमाने आवळले. सील बदलले. तेल भरताना ते भोकातून ओघळू लागेपर्यंत भरले. हवा जायच्या बारीक नळीत माती अडकली होती, ती मिस्त्रींनी तारेने साफ केली. ती बंद असली तर तापलेले तेल सील फोडून ब्रेकवर येते, म्हणाले.

शेवटी ब्रेकमधली हवा काढायची होती. हे काम एकट्याने होत नाही. थोरला पेडलवर, धाकटा खाली बाटली घेऊन. “दाब.” “दाबला.” “धरून ठेव.” “धरलाय.” “सोड.” एका चाकाला वीस-पंचवीस वेळा. सहरीची वेळ होईपर्यंत आमच्यात तेवढेच शब्द झाले. पण ते अम्मीच्या मार्फत नव्हते.

दुसऱ्या दिवशी चढावर दांडा टाकला. गाडी वर गेली, आवाज न करता. माथ्यावर दांडा काढला, तो बोटाने निघाला.

मामांना आम्ही फोन केला नाही. बागेचे वाटे झाले, ते रीतसर कागदावर आहेत आणि कुणाचीच तक्रार नाही. गाडी मात्र वाटणीतून आपोआप राहून गेली. चिरे आता एकाच खेपेचे भरतो. दर हंगामाआधी यू-बोल्ट आवळायचे असतात; एक जण पाना धरतो, दुसरा बॅटरी. भांडणे होतात, नाही असे नाही. फक्त आता ती आम्ही आपसातच करतो.