चांदीऐवजी

सोमवार, ६ जानेवारी २०२५
युरोपीय संघाने १ तारखेपासून दातात चांदी भरणं बंद केलं. खास वैद्यकीय गरज असेल तरच मुभा. आपल्याकडे पेशंट अजून म्हणतात, ‘डॉक्टर, चांदीच भरा, टिकते.’ टिकते हे खरंच. पण त्या चांदीत वजनाने जवळपास निम्मा पारा असतो, हे कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. शिकताना आम्ही पारा आणि धातूची भुकटी खलात घोटायचो, जादा पारा फडक्यातून पिळून काढायचो. उघड्या हातांनी. आठवलं की अंगावर काटा येतो.

गुरुवार, ९ जानेवारी
साखर कारखान्यामागच्या कोप्यांवर गेले होते. ऊसतोडीला बीडकडून आलेली मंडळी. सात वर्षांची पोर, खालची दुधाची दाढ किडलेली. तिथे वीज नाही, मशीन नाही. चमच्यासारख्या हत्याराने मऊ कीड खरवडली, कापसाने दाढ टिपून घेतली आणि ग्लास आयोनोमर भरलं. काचेची पूड आणि आम्लाचा द्रव कागदावर कालवायचं आणि चकाकी आहे तोवर दाढेत घालायचं. चकाकी गेली की ते दाताला धरत नाही. बोटाला व्हॅसलीन लावून घट्ट दाबून धरलं. पोर माझ्या मनगटाला धरून बसली होती, रडली नाही. ना सुई, ना लाइट, वर फ्लोराइड झिरपत राहतं ते वेगळंच. चांदीइतकं ते दणकट नाही, पण दुधाची दाढ पडेपर्यंत पुरतं.

तिची आई पोटुशी. तिच्याही दाढेत खड्डा होता, तिलाही हेच भरलं. पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना चांदी नको, असं पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२२ मध्ये ठरवलं आहे. कोप्यांवर ही गोष्ट पोचवायची कुणी?

शनिवार, ११ जानेवारी
दिवसभर गर्दी. लिहायला त्राण नाही.

बुधवार, १५ जानेवारी, किंक्रांत
काल तिळाची वडी चावताना शेजारच्या काकूंच्या दाढेचा कोपरा उडाला. जुनी चांदी जागच्या जागी, तुटली ती दाताची भिंत. चांदी दाताला चिकटत नाही, खाचेत अडकून बसते. त्या खाचेसाठी चांगला दातही कोरावा लागतो.

काकू म्हणाल्या, ‘अगं, मग सगळ्याच चांद्या काढून टाक.’ मी ठाम नाही म्हणाले. उरलेल्या दोन शाबूत आहेत, आणि उकरताना पाऱ्याची वाफ उलट जास्त सुटते. तुटलेल्या दाढेवर रबराचा पडदा लावून तिच्यातली जुनी चांदी काढली आणि दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरलं, दोन-दोन मिलिमीटरचे थर, प्रत्येक थरावर वीस सेकंद निळा लाइट. थुंकीचा एक थेंब आत गेला की सगळं वाया. चांदी ओलं खपवून घ्यायची, हे घेत नाही. पाऊण तास लागला. काकूंनी आरशात पाहिलं, जिभेने चाचपलं आणि विचारलं, ‘भरलंयस कुठे?’

चांदीचे तुकडे झाकणाच्या बरणीत पाण्याखाली ठेवले. दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकले तर भट्टीत जळून पारा हवेत जाईल. बरणी निम्मी भरली आहे.