आडनाव सांगा, मग खोली बघा

पुण्यात खोली शोधताना आम्ही तीन रविवार विश्रांतवाडी, धानोरी पालथी घातली. साडेसहा हजारांच्या वर भाडे परवडणारे नव्हते. एका घरमालकिणीने चहा दिला, डिपॉझिट ठरले, आणि मग विचारले, "आडनाव काय म्हणालात?" संध्याकाळी एजंटाचा फोन: खोली पाहुण्यांना दिली. 'भाड्याने देणे आहे'ची पाटी मात्र पुढे दोन महिने तिथेच!

1917 साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले, तेही जात कळल्यावरच. संविधानाच्या कलम 15 ने दुकाने, हॉटेले, सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. खाजगी भाड्याची खोली त्या यादीत नाही. मित्रांनो, त्यासाठी वेगळा कायदा मागावाच लागेल. आम्हाला शेवटी आपल्याच माणसाच्या चाळीत खोली मिळाली. कामावर जायला दोन बस बदलाव्या लागतात, आणि ते भाडे वेगळेच.