कमरेचा डबा

कोरडवाहूत भागेना म्हणून चार वर्षं मी चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत होतो. कमरेला दिव्याची बॅटरी, जोडीला सेल्फ रेस्क्यूअरचा किलोभराचा डबा. वाकलं की तो बोचायचा. मी काढून लाकडी खांबाला टांगायचो; काम पुढं सरके, डबा मागंच.

एकदा मायनिंग सरदारानं माझा दिवा विझवला. म्हणाला, "शोध आता." अंधारात खांब चाचपताना घाम फुटला.

त्यानंच सांगितलं, विषारी वायूत त्या डब्यातून घेतलेला श्वास तापतो. तापला म्हणजे डबा काम करतोय. घाबरलेला गडी मात्र बिघडला समजून तोंडातून काढतो.

बनवणाऱ्यानं एक पाळी तरी वाकून काढायची होती! शेवटी बायकोनं जुन्या लुगड्याची गादी पट्ट्याला शिवून दिली. मग डबा कमरेवरच राहिला.