अंगणातले खेळ

आमच्या वैजापूरला बर्फाची ओळख दोनच रूपांनी आहे. एक, उन्हाळ्यात काडीला लावून मिळणाऱ्या रंगीत गोळ्याची. आणि दुसरी, गारांची. पहिले रूप मुलांच्या आवडीचे, तर दुसरे शेतकऱ्याच्या काळजाचा ठोका चुकविणारे. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मराठवाड्यात जी गारपीट झाली, तिने हातातोंडाशी आलेली पिके झोपविली. तेव्हापासून बर्फाचे नाव निघाले की आमच्या माणसांच्या मनात कौतुकापेक्षा धास्तीच अधिक उभी राहते. एरवी आमचा मुलूख अवर्षणाचा. गोदावरी तालुक्याच्या सीमेवरून वाहते, नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याचे पाणी काही गावांना मिळते. पण बाकीचे शिवार आभाळाकडे डोळे लावून बसलेले असते. अशा गावच्या बाईने बर्फावरच्या एका खेळाविषयी लिहावे, याचे कुणालाही नवल वाटेल. परंतु त्या खेळाची हकीकत मी जाणून घेतली, आणि तो मला परका वाटेनासा झाला.

त्या खेळाचे नाव स्नोबोर्डिंग. एका लांबट फळीवर दोन्ही पाय आडवे जखडून घ्यावयाचे, बर्फाने झाकलेल्या डोंगरउतारावरून वेगाने घसरत यावयाचे, वाटेत डौलदार वळणे घ्यावयाची, उंचवट्यावरून हवेत झेपावून गिरक्या मारावयाच्या, आणि पुन्हा तोल सावरून बर्फावर उतरावयाचे, असा हा साहसी खेळ आहे. तो काही फार प्राचीन नाही. १९६५ सालच्या नाताळातली गोष्ट. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मस्कीगन या गावी शर्मन पॉपेन नावाचे एक गृहस्थ राहत. बर्फावरून घसरण्यासाठी पायांत ज्या लांब पट्ट्या बांधतात, त्यांना स्की म्हणतात. पॉपेन यांनी आपल्या मुलीला खेळावयास म्हणून अशा दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या आणि तिला त्यांवर उभे केले. बापाने लेकीसाठी घरच्या घरी केलेले ते एक खेळणे! त्यातूनच हा खेळ वाढला. १९७७ पासून जेक बर्टन कारपेंटर या तरुणाने व्हरमाँट राज्यात अशा फळ्या बनविण्याचा उद्योग आरंभिला आणि तो चिकाटीने चालविला.

खेळ वाढला, तरी त्याला मान मात्र मिळेना. १९८० च्या सुमारास बर्फावरच्या बहुतेक क्रीडास्थळांवर या फळीवाल्यांना मज्जावच होता. स्की वापरणारी प्रतिष्ठित मंडळी या पोरांकडे हुल्लडबाज म्हणून पाहत. पुढे ही दारे एकामागून एक उघडली, स्पर्धा भरू लागल्या, आणि १९९८ साली जपानमधील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला. विशेष म्हणजे, पहिल्याच वेळी पुरुषांबरोबर स्त्रियांच्याही स्पर्धा झाल्या. २०१८ साली दक्षिण कोरियातील प्याँगचांग येथे अमेरिकेच्या क्लोई किम या अवघ्या सतरा वर्षांच्या मुलीने सुवर्णपदक मिळविले. तिचे आईवडील कोरियातून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेले. आईवडिलांच्या मायदेशात, साऱ्या जगाच्या साक्षीने, लेक विजयी झाली! तोवर तो खेळ कोट्यवधी लोकांच्या ओळखीचा झाला होता. ज्याला कधी दाराबाहेर उभे केले होते, तोच आता घरचा मानकरी ठरला होता.

ही हकीकत समजली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बर्फ आला नाही; आमच्या शाळेचे मुरमाड मैदान आले. त्या मैदानावर दोन लाकडी खांब रोवलेले असत. फक्कीने रेघा आखल्या की सगळी तयारी झाली. चेंडू नको, फळी नको, पायांत बूट नकोत. आमचा खो-खो असा निर्धन, आणि म्हणूनच सर्वांचा.

हा खेळ तुमच्यापैकी बहुतेकांनी खेळलेला असेल. परंतु त्याची रचना किती बुद्धीची आहे, याचा विचार कितीजणांनी केला असेल? आठ गडी एका ओळीत बसतात; पण त्यांची तोंडे एकाआड एक विरुद्ध दिशांना असतात. नववा गडी पाठलाग करतो. पळणाऱ्याला वाटेल तसे वळता येते, ओळीतून आरपार निघून जाता येते. पाठलाग करणाऱ्याला मात्र ती मोकळीक नाही. एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय त्याने माघारी फिरावयाचे नाही, आणि ओळ ओलांडून पलीकडे जावयाचे नाही. म्हणजे एकट्याच्या बळावर कुणालाही बाद करणे फार कठीण. त्याने काय करावे? बसलेल्या गड्याच्या मागून जाऊन पाठीवर थाप मारावी, ‘खो’ म्हणावे, आणि त्याच्या जागी स्वतः बसावे. उठलेला गडी पुढचा पाठलाग करतो. धावणारे पाय बदलतात. पाठलाग मात्र थांबत नाही.

आपल्या भाषेची गंमत पाहा. कुणाच्या कामात अडथळा आणला म्हणजे आपण म्हणतो, ‘त्याने खो घातला.’ मैदानातला खो मात्र अगदी उलट आहे. तिथे खो देणे म्हणजे आपल्या हातचे काम योग्य वेळी दुसऱ्याच्या स्वाधीन करणे आणि आपण मुकाट्याने खाली बसणे. ज्याला बसणे जमत नाही, तो कितीही वेगाने धावो, त्याच्यामुळे संघ हरतो.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतांत रोजंदारीला जात. ती अनवाणी खेळे. पाठलागाला उठली की तिची पावले मुरमावर वाजत नसत. आणि पळणारी मुलगी खांबाआड सुरक्षित झाली असे आम्हांला वाटते न वाटते, तोच हिने खांबाचा आधार घेऊन असा काही सूर मारलेला असे की तिची बोटे नेमकी त्या मुलीच्या टाचेला लागत. कोपरे सोलून निघत, गुडघ्यांत खडे रुतत. ती उठून परकर झटकी आणि पुन्हा ओळीत जाऊन बसे. सातवीची परीक्षा संपली आणि ती मैदानावरून नाहीशी झाली. पुढे शाळेतही दिसली नाही. आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी विचारावयास गेलो, तेव्हा तिच्या आजीने आम्हांलाच प्रश्न केला, “पळून पोट भरतं का, बाई?”

त्या प्रश्नात राग नव्हता. ज्या घरी संध्याकाळच्या भाकरीची चिंता असते, त्या घराने असा प्रश्न विचारावा, यात गैर ते काय? आमच्यापैकी कुणाजवळ त्याचे उत्तर नव्हते. ते उत्तर तयार व्हावयाला अनेक वर्षे लागली, आणि ते अनेकांनी मिळून तयार केले.

त्याचा आरंभ पुष्कळ आधी झाला होता. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांची चौकट घालून दिली. गल्लीगल्लीत निराळ्या रीतीने खेळला जाणारा खेळ त्यामुळे एका मापाने खेळता येऊ लागला. १९५९-६० साली विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि पुढल्याच वर्षी आमच्या कोल्हापूरला स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा भरली. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याचे प्रात्यक्षिक दाखविले गेले. प्रात्यक्षिक म्हणजे पाहुण्यांना नमुना दाखविणे. त्याला पदक नसते. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत मात्र खो-खोला पदकांचा मान मिळाला. तिथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार होत्या सारिका काळे. त्या आमच्याच मराठवाड्यातल्या, धाराशिवच्या. घरची परिस्थिती बेताचीही नव्हती, त्याहून हलाखीची होती. पण त्या मैदान सोडून गेल्या नाहीत. पुढे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून त्यांनी शासकीय सेवा पत्करली. आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या खेळाडूला तो मान तब्बल बावीस वर्षांनी लाभत होता. त्या आजीच्या प्रश्नाला मिळालेले हे पहिले सरळ उत्तर, असे मला वाटले.

त्यानंतर आला जानेवारी २०२५. नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी बंदिस्त क्रीडागारात १३ ते १९ जानेवारी या काळात खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तेवीस देशांतून पुरुषांचे वीस आणि महिलांचे एकोणीस संघ आले होते. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश हे तर शेजारीच. पण ब्राझील, पेरू, केनिया, जर्मनी अशा दूरदूरच्या देशांतली तरुण मुलेमुलीही एका ओळीत विरुद्ध दिशांना तोंडे करून बसली होती, आणि ‘खो’ असे चक्क आपल्या शब्दात ओरडत होती. शब्दाचे भाषांतर कुणी केले नव्हते. करण्याचे कारणही नव्हते. १९ जानेवारीला दोन्ही अंतिम सामने भारत आणि नेपाळ यांच्यात झाले. महिलांनी ७८-४० असा, तर पुरुषांनी ५४-३६ असा विजय मिळविला. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, ही दोघेही महाराष्ट्राची. चषक उंचावले गेले तेव्हा मला विजयाच्या आकड्यांपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीने भरून आले. मुरमावरच्या या साध्या खेळाकडे इतकी माणसे एकाच वेळी, गंभीरपणे पाहत आहेत, हे दृश्य आमच्या पिढीने कधी पाहिले नव्हते.

तथापि जगाच्या अंगणात जाताना खेळाला काही सोडावेही लागते. विश्वचषकात खो-खो मातीवर नव्हे, मॅटवर खेळला गेला. मैदानात नवांऐवजी सातच गडी उतरले आणि एकेक डाव नऊ मिनिटांऐवजी सात मिनिटांचा झाला. ‘वझीर’ नावाच्या गड्याला तर पाठलाग करताना दोन्ही दिशांना वळण्याची मुभा मिळाली. खेळ अधिक वेगवान झाला, दूरदर्शनच्या पडद्यावर अधिक रंगला, हे खरे. बर्फावरच्या खेळालाही अशा घालमेलीतून जावे लागले होते. नॉर्वेचा तेर्ये हाकॉनसेन हा त्या काळचा अव्वल खेळाडू मानला जाई; पण १९९८ च्या ऑलिंपिकला तो गेलाच नाही. आमच्या खेळाचा कारभार स्कीइंगच्या महासंघाकडे का, असा त्याचा आक्षेप होता. मोठ्या घरी गेलो, तर आपले घरपण हरवेल, ही भीती त्याला वाटली असावी. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

मला मात्र एक वेगळीच काळजी वाटते. बर्फावरचा खेळ पहिल्यापासून खर्चाचा. फळी हवी, जाड कपडे हवेत, डोंगरापर्यंतचा प्रवास हवा. खो-खोने कधी कुणाकडे काही मागितले नाही. उद्या मॅटवाचून खेळ नाही, महागड्या बुटांवाचून निवड नाही, असे ठरले, तर परकर झटकून पुन्हा ओळीत जाऊन बसणारी ती अनवाणी मुलगी पुन्हा रेघेच्या बाहेरच राहील. खेळाला जग मिळेल, पण जिने तो जिवापाड खेळला तिला खेळ मिळणार नाही. म्हणून राजधानीत चषक उंचावला जात असताना तालुक्याच्या शाळांतले खांब ताठ उभे आहेत ना, मैदानावरचे काटेकुटे निघाले आहेत ना, सातवीनंतर मुली मैदानावर दिसत आहेत ना, हेही कुणीतरी पाहावयास हवे. मॅट येईल तेव्हा येवो. आणि ती आली, तर ती आधी मुरमाड मैदानाच्या गावी यावी.

ऑलिंपिकमध्ये खो-खोला अजून स्थान मिळालेले नाही. ते मिळावे म्हणून प्रयत्न करणारे करोत. ते योग्यच आहे. पण या खेळाने आम्हांला एक गोष्ट फार पूर्वीच शिकविली आहे. ओळीत बसलेला गडी स्वस्थ बसलेला नसतो. त्याच्या पाठीमागे काय चालले आहे, ते त्याला पूर्ण दिसत नाही; तरीही त्याचे कान टवकारलेले असतात, पाय सज्ज असतात. केव्हा पाठीवर थाप पडेल, सांगता येत नाही. आणि पडली की क्षणाचाही विलंब न लावता उठावे लागते. आज ती थाप गावोगावच्या लहानशा मैदानांच्या पाठीवर पडली आहे. तिथल्या मुलामुलींनी उठून धावावे. आणि त्यांच्या वाटेत कुणीही, बोलण्यातल्या अर्थाने, खो घालू नये.