पुऱ्या, दऱ्या आणि कुलूपबंद फाइली

गेल्या श्रावणात एक बाई माझ्याकडे आल्या. पिशवीत जुनी हार्ड डिस्क, चौदा दिवाळी अंक आणि काडेपेटीएवढी एक करडी डबी. त्यांचे वडील अंक काढायचे, दोन वर्षांपूर्वी गेले. निवडक लेखांचं पुस्तक करावं असं मुलीच्या मनात होतं. "सगळं कॉम्प्युटरवर आहे, नुसतं प्रिंट मारायचंय," असं म्हणतच त्या खुर्चीवर टेकल्या. मी पहिली फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, मध्येच डोक्यावर टिंबं असलेली युरोपीय अक्षरं, पुन्हा डॉलर.

"व्हायरस आहे का हो ताई?" बाईंचा आवाज पडला.

व्हायरस नव्हता. ती अस्सल मराठीच होती, पण कुलपात. त्या कुलपाची किल्ली म्हणजे ती करडी डबी. तिला डोंगल म्हणतात. नव्वदच्या दशकात मराठी सॉफ्टवेअर विकत घेतलं की सोबत डोंगल मिळायचं. संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरची जाड केबल लागायची त्या जागी ते खोचायचं. ते नसेल तर सॉफ्टवेअर सुरूच होत नसे. चोरून प्रती काढणारे तेव्हाही कमी नव्हते, त्यामुळे कंपनीची खबरदारी मला समजते. पण आता त्या आकाराचं भोकच संगणकाला नसतं. मी कंपनीला फोन लावला. ती आवृत्ती केव्हाच बंद झाली, नवी घ्या, जुन्या फाइली उघडतील याची हमी नाही, असं उत्तर आलं. चौदा वर्षं वडिलांनी लिहिलेलं, लिहवून घेतलेलं, रात्र रात्र जागून तपासलेलं सगळं त्यांचंच होतं. फक्त ते वाचायची परवानगी तिसऱ्याच माणसाकडे होती आणि त्याने दुकान आवरलं होतं.

माझ्या कामाला धड नाव नाही. लोक 'त्या फॉन्टवाल्या बाई' म्हणतात. १९९४ साली सदाशिव पेठेतल्या एका डीटीपी केंद्रात ऑपरेटर म्हणून लागले, पानं लावायला शिकले, पुढे प्रोग्रॅमिंगही शिकले. आता जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत आणून देणं हाच व्यवसाय झाला आहे. तंत्रज्ञानावर कुणाचा ताबा असावा, या प्रश्नावर मोठमोठ्या सभागृहांत चर्चा होतात. मला तो प्रश्न रोज भेटतो तो ऱ्हस्व वेलांटीच्या रूपात.

ते कसं, हे समजायला थोडं यंत्राच्या पोटात जावं लागेल. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. त्या काळी फॉन्टमध्ये २५६ खण असत, त्यातलेही काही आधीच राखीव. छापखान्यात जुळारी ज्या लाकडी केसमधून खिळे उचलायचा, तिचेच खण समजा. इंग्रजीचं त्यात आरामात भागतं. मराठीला मात्र क, अर्धा क, क्ष, त्र, श्र, चार तऱ्हेचे र, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या असं सगळं त्यात कोंबावं लागे. मग प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने खण भरले. एकीने इंग्रजी 'डी'च्या खणात 'क' ठेवला, दुसरीने तिथेच अर्धा 'श'. फाइलमध्ये फक्त खणाचा क्रमांक. कुठल्या खणात काय, हे फक्त त्या कंपनीला ठाऊक. फॉन्ट बदलला की 'कविता'चा कचरा.

हा कचरा उलटा सोडवणं म्हणजे नुसता एकास एक तक्ता नसतो. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने बसवलेली असत. 'स्थिती' लिहिताना पहिली वेलांटी आधी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: स, थ आणि मग वेलांटी. म्हणजे वेलांटीला उचलून अख्ख्या जोडाक्षरावरून पलीकडे उडी मारायला लावायची. रफाराचं नेमकं उलट. 'विद्यार्थी'तला रफार दिसतो शेवटी, उच्चारात येतो 'थ'च्या आधी. त्याला मागे ओढायचं. बाईंच्या अंकांसाठी मी छापील अंक शेजारी उघडा ठेवला आणि एकेका खणाचा अर्थ लावत गेले. तीन आठवडे गेले.

मराठीवर ही वेळ येण्याचं कारण नव्हतं. भारतीय लिप्यांसाठी सामाईक सांकेतिक पद्धत होती. तिचं नाव इस्की, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ती मानक म्हणून स्वीकारलीही. इनस्क्रिप्ट हा सगळ्या भारतीय लिप्यांना चालणारा कळफलक तर १९८६ पासून होता. सीडॅकसारखी संस्था इथे पुण्यातच यावर काम करत होती. पण छपाईच्या बाजारात चलती राहिली ज्याच्या-त्याच्या खणांची. त्यात अडचणीचा भाग होता, तसा हिशेबाचाही होता. एकदा गिऱ्हाइकाची चारशे पानं आपल्या फॉन्टमध्ये टाइप झाली की ते गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. जाऊच शकत नाही.

इथे मला खिळ्यांचा जमाना आठवतो. मी तो शेवटच्या घटका मोजताना पाहिला. १८३१ साली मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी असोत की निर्णयसागरचे जावजी दादाजी, या माणसांनी देवनागरीचे खिळे घडवण्यात आयुष्य घातलं. पण एकदा खिळा विकला की तो घेणाऱ्याचा. त्याने तो घासून गुळगुळीत करावा, वितळवावा, दुसऱ्या छापखान्याला विकावा. आणि त्या खिळ्याने छापलेलं पान वाचायला ओतशाळेची परवानगी कधी लागली नाही. ओतशाळा बंद पडली म्हणून कुणाच्या घरातली पोथी कोरी झाली नाही.

कोरी होणं ही अतिशयोक्ती वाटेल, म्हणून सांगते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेली काही पुस्तकं त्यांच्या किंडलवरून दूर बसल्या बसल्या पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत केले गेले, कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. पुसलेल्या पुस्तकांत ऑर्वेलची '१९८४' होती, हा योगायोग कुणी कादंबरीत घातला असता तर संपादकाने काटला असता.

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरची गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असते. १९८० च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकला की सगळ्यांना संगणकावर निरोप जाईल, अशी सोय त्याला करायची होती. जुन्या प्रिंटरला त्याने ती केलीही होती. पण नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम द्यायला नकार मिळाला. त्या नकारातून पुढे १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प उभा राहिला आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ. वापरणाऱ्याला प्रोग्रॅम चालवता, वाचता, बदलता आणि वाटता आला पाहिजे, एवढंच तिचं मागणं. इंग्रजीत 'फ्री'चे दोन अर्थ सांगता सांगता स्टॉलमनचा जन्म गेला. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' हे शब्द मुळातच वेगळे आहेत. दुर्दैवाने आपण सॉफ्टवेअरच्या बाबतीत फक्त दुसराच वापरतो.

युनिकोड आलं आणि खणांचं भांडण मिटलं. त्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या, प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. विंडोज २००० पासून सामान्य संगणकावर ते चालू लागलं. त्यासोबत आलेला 'मंगल' फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडच्याच बळावर. छापखान्यांची गोष्ट मात्र वेगळी. पानं लावायच्या ज्या पेजमेकर सॉफ्टवेअरवर मराठी प्रकाशनाची एक पिढी उभी राहिली, त्याला युनिकोड शेवटपर्यंत आलं नाही. त्याच कामाच्या इनडिझाइनला भारतीय लिप्या नीट जुळवता येऊ लागल्या त्या २०१२ मध्ये. त्यामुळे लेखक फोनवर युनिकोडमध्ये लेख पाठवतो आणि ऑपरेटर तो जुन्या फॉन्टमध्ये ओतून पान लावतो, हे उफराटं काम आजही कितीतरी ठिकाणी चालतं. म्हणजे माझ्या पोटापाण्याची सोय पुढच्या वीस वर्षांसाठी झालीच आहे.

पण सगळ्यांचं एकच मानक झालं म्हणून सगळ्यांना त्यात सारखी जागा मिळते असंही नाही. 'ॲ' हे अक्षर घ्या. 'ॲप', 'ॲसिड' हे आपण अ-वर चंद्र काढून लिहितो. युनिकोडमध्ये सुरुवातीला होता तो ए-वर चंद्र असलेला 'ऍ'. आपल्या 'ॲ'ला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ मध्ये. तोवर आपण कुणाचं तरी उसनं अक्षर वापरत होतो. 'ऱ'चं त्याहून गमतीचं. ही जागा ठेवली ती द्राविडी भाषांतला र देवनागरीत दाखवायला, आणि त्याचाच पाय मोडला की आपला 'पुऱ्यां'मधला र मिळतो. ज्यांना ही वाट ठाऊक नाही ते बिचारे फोनवर 'पुर्या' लिहितात. दर्या एक असतो, दऱ्या अनेक असतात. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होतं, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण. हा फरक शाळेत छडी खाऊन शिकलेली माणसं कीबोर्डपुढे हात टेकतात. बंदी कुणी घातलेली नाही. अक्षर फक्त दोन बोटं लांब ठेवलंय, आणि तेवढं अंतर शुद्धलेखन बदलायला पुरतं.

'ळ'ची कथा तर माणसाच्या नावापर्यंत जाते. अर्जात नाव इंग्रजीत भरायचं आणि मराठी नाव यंत्राने बनवायचं, अशी पद्धत अनेक कचेऱ्यांत आहे. के-ए-एल-ई एवढी चार अक्षरं यंत्रापुढे आली की काळे, काले की कळे हे त्याने ठरवायचं. काळ्यांचे काले होतात, माळ्यांचे माली. मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्र, मग खेटे. मराठी माणसाचं मराठी नाव महाराष्ट्रातल्या कागदावर येताना इंग्रजीच्या गल्लीतून का यावं, हा प्रश्न तांत्रिक नाही. अर्जात आणखी एक रकाना ठेवायचा की नाही, एवढाच निर्णय असतो आणि तो कुणीतरी घेतलेला असतो.

म्हणून मी तंत्रज्ञानाच्या बाबतीत 'राजकारण आणू नका' म्हणणाऱ्यांपुढे हात जोडते. ते आधीच आत बसलेलं असतं. युनिकोड ठरवणाऱ्या संघात मताचा पूर्ण हक्क असलेल्या सभासदांत ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्या आहेत. त्या टेबलाशी आपलं म्हणणं लेखी, पुराव्यासह मांडणारं कुणी नसेल तर 'ॲ'सारखी सतरा वर्षं वाट पाहावी लागते. कायद्याचंही तसंच. अमेरिकेत डिजिटल कुलूप फोडण्यावरचा निर्बंध १९९८ चा. तिथल्या शेतकऱ्याला स्वतःच्या ट्रॅक्टरमधलं सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडायला २०१५ मध्ये खास सूट मिळवावी लागली. आपला कायदा या बाबतीत शहाणा निघाला. कायदेशीरपणे सॉफ्टवेअर बाळगणाऱ्याने ते दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जुळवण्यासाठी लागणारी, सहज न मिळणारी माहिती खटपट करून मिळवली तर तो गुन्हा नाही, असं आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं. २०१२ मध्ये आलेलं कुलपांविषयीचं कलमही हक्कभंगाचा हेतू असेल तरच शिक्षा देतं. माझं तीन आठवड्यांचं काम या दोन वाक्यांच्या आडोशाने चालतं. ती वाक्यं संसदेत कुणीतरी भांडून-बोलून घातली, आपोआप उगवली नाहीत.

सरकारने कागदावर बरंच केलंय. ई-प्रशासनात खुली मानकं वापरण्याचं केंद्राचं धोरण २०१० चं, मुक्त सॉफ्टवेअरचं २०१५ चं. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठीचा 'ल' आणि 'श' कसा काढावा याचाही आदेश काढला. 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी 'मुक्त' नावाचा सुरेख फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिला; तो कुणीही वापरावा, सुधारावा. केरळने तर शाळांमधले संगणकच मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. तिथलं पोर संगणक शिकतं तेव्हा एका कंपनीचा मेन्यू पाठ करत नाही. आपल्याकडे मात्र अजूनही सार्वजनिक पैशाने निघालेल्या ग्रंथाची पीडीएफ मिळते आणि तीतलं एक वाक्य उचलून पाहिलं की पुन्हा तेच डॉलर आणि कंस. लोकांच्या पैशाने टाइप झालेला मजकूर लोकांना शोधता, उतरवता आला पाहिजे, एवढी एक अट छपाईच्या निविदेत घालायला पैसा लागत नाही.

बाईंचे चौदाही अंक सुटले. मी त्यांना साध्या टेक्स्ट फाइली दिल्या. रंग नाही, सजावट नाही, कुठल्याही संगणकावर, कुठल्याही फोनवर उघडणाऱ्या. फोनमधल्या चार-पाच फोटोंएवढी जागा. "एवढंच?" त्या जरा हिरमुसल्या. मग त्यांनी शोधाच्या चौकटीत आईचं नाव टाइप केलं. चौदा वर्षांत वडिलांनी ते अकरा ठिकाणी लिहिलं होतं. छापील अंकांतून त्यांना त्यातली दोनच आठवत होती.

संध्याकाळी त्यांचा निरोप आला, "बाबांच्या लेखात आईच्या पुर्या सापडल्या!" मी त्यांना कळवलं, र वर बोट दाबून धरा, ऱ येईल, त्याचा पाय मोडा, मग य. उत्तर यायला दहा मिनिटं लागली.

"पुऱ्या. दिवाळीला या खायला."